मृतदेहावरच्या अळ्या धुऊन टाकू नयेत

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या रत्नागिरी जिल्ह्यातून निघालेल्या दोन एसटी गाड्या त्या पाण्यात गेल्या. पुढचे कित्येक दिवस मृतदेह नदीच्या खालच्या अंगाला, खाडीत आणि थेट दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत सापडत राहिले. पावसाळ्याच्या पाण्यात दोन-तीन दिवस राहिलेल्या माणसाचा चेहरा घरच्यांनाही पटकन ओळखू येत नाही. तरीसुद्धा किनाऱ्यावर देह लागला की तो कोणाचा असू शकेल याचा विचार मोजक्या नावांपासून सुरू करता येत होता. कारण सरळ होते. अपघात कधी घडला हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे त्या रात्री त्या वाटेवर कोण कोण होते याची यादी करता येत होती, आणि यादीतल्या प्रत्येकाचे आप्त कपडे, अंगठी, शस्त्रक्रियेचा व्रण सांगायला हजर होते. आता हीच परिस्थिती उलटी करून पाहू. नोव्हेंबरात एखाद्या आंबा कलमांच्या बागेमागच्या झाडीत एक देह सापडतो. खिशात कागद नाही, चेहरा उरलेला नाही, आसपास कोणताही अपघात झालेला नाही. हा माणूस चार दिवसांपूर्वी मेला की चार आठवड्यांपूर्वी, हेच कळत नाही. मग बेपत्ता नोंदींच्या गठ्ठ्यातली कोणती पाने उलटायची?

मृतदेहावरच्या किड्यांचा न्यायवैद्यक तपासात उपयोग होतो हे आता बऱ्याच वाचकांनी दूरचित्रवाणीवरच्या मालिकांतून पाहिलेले असते. मालिकांतला शास्त्रज्ञ अळी चिमट्यात धरतो आणि खुनाची वेळ तासांत सांगतो. प्रत्यक्षात असे होत नाही, आणि या शास्त्राची खरी किंमतही तिथे नाही. माझे म्हणणे असे की कीटकांचा सर्वांत मोठा उपयोग अनोळखी मृतदेहांच्या बाबतीत आहे, आणि तोही आडवळणाने होणारा. माणूस कोण हे अळी क्वचितच सांगते. तो निदान किती दिवसांपूर्वी मेला हे मात्र ती बऱ्याच भरवशाने सांगते, आणि एवढ्या माहितीने शोधाची चाळणी इतकी बारीक होते की पुढची सगळी महागडी तंत्रे नेमक्या माणसापर्यंत पोहोचू शकतात. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जिथे खाड्या, सडे, रेल्वेमार्ग आणि परप्रांतीय मजुरांची ये-जा असे सगळेच एकत्र आहे, तिथे ही माहिती शवागारातल्या नळाखाली वाहून जाऊ देणे परवडणारे नाही.

आधी मूळ प्रक्रिया पाहू. उघड्यावर पडलेल्या मृतदेहापाशी सर्वांत आधी पोहोचतात त्या मोठ्या, हिरवट-निळ्या चकाकणाऱ्या माश्या. कोकणात या माश्या कोणाला नव्याने दाखवायला नकोत. मासळी बाजारात, सुकत घातलेल्या म्हाकूल-बांगड्यावर, उकिरड्यावर त्या दिसतात. भारताच्या उष्ण भागांत यांतल्या दोन जाती तपासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत: क्रायसोमिया मेगासेफाला आणि क्रायसोमिया रुफिफेसीस. दिवसाउजेडी, पाऊस नसताना आणि देहापर्यंत वाट मोकळी असताना त्या काही मिनिटांत ते काही तासांत येतात आणि डोळे, नाक, तोंड, जखमा अशा ओलसर जागी शेकड्यांनी अंडी घालतात. कोकणातल्या उबेत एका दिवसाच्या आत अंडी फुटतात. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या वाढीचे तीन टप्पे होतात. तिसऱ्या टप्प्यात भरपूर खाऊन ती देह सोडते, आसपासच्या मातीत किंवा पालापाचोळ्यात शिरते आणि तिचा तपकिरी, टणक कोष बनतो. कोषातून माशी उडून जाते आणि रिकामे टरफल मागे राहते. साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा हा प्रवास ९ ते १२ दिवसांत पुरा होतो. रुफिफेसीसची अळी अंगावर काटेरी उंचवटे असलेली असते आणि मोठी झाली की ती दुसऱ्या जातींच्या अळ्यांनाही खाते, म्हणजे आधी आलेल्यांचा पुरावा नंतर आलेलीच संपवू शकते. पुढे देह वाळू लागला की भुंगेऱ्यांच्या जाती येतात. त्यांतले डर्मेस्टिडे कुळातले भुंगेरे कातडी आणि सांध्यांवरचे सुके धागे खातात.

यातला कळीचा मुद्दा तापमानाचा आहे. अळीचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखत नाही, म्हणून तिची वाढ भोवतालच्या उष्णतेवर चालते. एका ठरावीक तापमानाखाली वाढ जवळजवळ थांबते आणि त्याच्या वर, एका मर्यादेपर्यंत, जितके अंश अधिक तितकी ती वेगवान होते. त्यामुळे शास्त्रज्ञ नुसते दिवस मोजत नाहीत, दिवस आणि अंश यांचा गुणाकार मोजतात. समजा एखाद्या जातीची वाढ १० अंशांखाली थांबते आणि पूर्ण वाढलेली अळी व्हायला तिला ९० अंश-दिवस लागतात. हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. सरासरी तापमान २८ असेल तर दर दिवशी १८ अंश-दिवस जमा होतात आणि ती अवस्था पाच दिवसांत येते. तापमान २० असेल तर दर दिवशी १०, म्हणजे नऊ दिवस. जवळच्या हवामान वेधशाळेच्या नोंदी घ्यायच्या, घटनास्थळी पुढचे काही दिवस तापमापी ठेवून दोन्हींतला फरक काढायचा, सर्वांत वयस्क अळी किंवा कोष ओळखायचा आणि मग मागे मोजत जायचे. जे उत्तर येते ती मृत्यूची वेळ नसते. पहिल्या अंड्याची वेळ येते, म्हणजे मृत्यू त्याच्या आधी केव्हातरी झालेला आहे. एवढा फरक तपास अधिकाऱ्याने आणि वकिलाने डोक्यात पक्का ठेवला तर या शास्त्राबद्दलचे निम्मे गैरसमज मिटतील.

रत्नागिरीचे हवामान या हिशेबाला एका बाजूने सोयीचे आणि दुसऱ्या बाजूने अडचणीचे आहे. सोयीचे अशासाठी की समुद्राशेजारी असल्याने इथला पारा वर्षभर साधारण २० ते ३३ अंशांच्या पट्ट्यात फिरतो. विदर्भातला मे आणि जानेवारी यांच्यात जी दरी असते ती इथे नाही, आणि शहरातच हवामान खात्याची वेधशाळा आहे. अडचण पावसाची. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो. मुसळधार पावसात माशी उडत नाही, अंडी घालणे लांबते, घातलेली अंडी वाहूनही जातात. जांभ्याच्या उघड्या सड्यावर मार्चमध्ये दगड तापतो ती उष्णता आणि त्याच सड्याखालच्या दाट राईतला गारवा यांत बरेच अंतर असते, त्यामुळे वेधशाळेचा आकडा जसाच्या तसा वापरता येत नाही. पाण्यात बुडालेल्या देहावर तर माशीचे काहीच चालत नाही. तो तरंगू लागला की पाण्याबाहेरच्या भागावर ती अंडी घालते, पण तोवर गेलेले दिवस तिच्या हिशेबात येत नाहीत. सावित्रीच्या वेळी अळ्यांवरून कोणी काही काढू गेले असते तर हाती फारसे लागले नसते. किनारपट्टीवरच्या जिल्ह्यात ही मर्यादा मोठी आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवे.

कीटकांनी दिलेल्या वेळेमुळे ओळखीच्या शोधाला कशी मदत होते याचे जुने आणि भक्कम उदाहरण स्कॉटलंडमधले आहे, आणि त्यातला आरोपी मुंबईत जन्मलेला डॉक्टर होता. बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम याने मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतले, पुढे इंग्लंडमध्ये बक रक्स्टन हे नाव घेऊन लँकेस्टर गावात दवाखाना थाटला. २९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात कागदा-कापडात गुंडाळलेले मानवी अवयवांचे तुकडे सापडले. तुकडे करणाऱ्याला शरीररचना चांगली माहीत होती. ओळख पटू नये म्हणून चेहऱ्याच्या खुणा काढून टाकलेल्या होत्या. सुरुवातीला तर हे एक पुरुष आणि एक स्त्री असावी असाच समज होता. त्या तुकड्यांवरच्या अळ्या ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे गेल्या. कॅलिफोरा व्हिसिना जातीच्या त्या अळ्या सुमारे १२ ते १४ दिवसांच्या आहेत असे त्यांनी सांगितले, म्हणजे सप्टेंबरचा मध्य. गुंडाळलेल्या कागदांत ‘संडे ग्राफिक’चा १५ सप्टेंबरचा अंक होता, आणि तोही लँकेस्टर-मोरकम भागापुरत्या निघालेल्या खास आवृत्तीचा. वेळ आणि ठिकाण यांच्या या दोन रेषा जिथे छेदतात तिथे, सप्टेंबरच्या मध्यापासून लँकेस्टरमधून दिसेनाशा झालेल्या दोन स्त्रिया होत्या: डॉक्टरची बायको आणि घरातली दाई. त्यानंतरच ग्लेस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी कवटीच्या छायाचित्रावर हयातीतले छायाचित्र बसवून पाहण्याचे ते प्रसिद्ध काम केले. १२ मे १९३६ रोजी रक्स्टनला फाशी झाली.

या खटल्याच्या कथनात अळ्यांना बहुधा नायकाची भूमिका दिली जाते, तसे ते नव्हते. अळ्यांच्या वयावर एकट्यावर तो खटला उभा राहिला नसता, आणि वृत्तपत्राच्या आवृत्तीने ठिकाण सांगितले नसते तर नुसती वेळ हातात घेऊन पोलिसांना अख्खे ब्रिटन धुंडाळावे लागले असते. पण मला महत्त्वाचा वाटतो तो कामांचा क्रम. कवटी आणि छायाचित्र जुळवण्यासाठी आधी कोणाचे छायाचित्र घ्यायचे हे कळावे लागते. ओळखीचे प्रत्येक तंत्र हे तुलनेचे तंत्र आहे: दातांची तुलना दंतवैद्याकडच्या नोंदीशी, बोटांच्या ठशांची आधीच्या ठशांशी, डीएनएची आई-बापाच्या किंवा मुलांच्या डीएनएशी. तुलनेसाठी दुसरी बाजू हवी, आणि ती बाजू शोधायला वेळेची खिडकी लागते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. डीएनए चाचणी आज उपलब्ध असताना अळ्यांच्या मागे कशाला लागायचे? दाढेतून, मांडीच्या हाडातून नमुना घेतला की काम झाले. आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण डीएनएच्या नमुन्याला नाव चिकटलेले नसते. भारतात बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांचे आणि अनोळखी मृतदेहांचे डीएनए एकत्र साठवून आपोआप पडताळणारी राष्ट्रीय व्यवस्था कायद्याने उभी राहिलेली नाही. त्यासाठी आणलेले डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने मागे घेतले. त्या विधेयकाबद्दल खासगीपणाच्या अंगाने ज्या शंका घेतल्या गेल्या त्या रास्त होत्या, तो वेगळा विषय आहे. पण परिणाम असा की आज अनोळखी देहाचा डीएनए काढला तरी तो कोणाशी ताडून पाहायचा हे तपास अधिकाऱ्यालाच ठरवावे लागते. राज्यभरातल्या सगळ्या बेपत्तांच्या आयांना रक्त द्यायला बोलावता येत नाही. ‘मृत्यू १० ऑक्टोबरच्या आसपास किंवा त्याआधी थोडे’ एवढे जरी कळले तरी २० ऑक्टोबरला घरातून निघालेली माणसे यादीतून आपोआप गळतात. मुंबईच्या कलिना न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाणारे नमुने कमी होतात आणि जे जातात ते नेमके असतात.

रत्नागिरीच्या शेजारचेच उदाहरण घेऊ. २३ मे २०१२ रोजी रायगड जिल्ह्यात पेण तालुक्याच्या जंगलात अर्धवट जळालेले मानवी अवशेष सापडले. त्यातले नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, बाकीचे अवशेष तिथेच पुरले गेले आणि प्रकरण तीन वर्षे शांत राहिले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांना दुसऱ्याच वाटेने माहिती मिळाली, जागा पुन्हा खणली गेली आणि शीना बोरा हत्या प्रकरण देशभर गाजले. खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे इथे कारण नाही. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार मृत्यू २४ एप्रिल २०१२ चा, म्हणजे अवशेष सापडेपर्यंत २९ दिवस गेले होते. डीएनए चाचणी २०१२ मध्येही होत होती. मग तीन वर्षे का लागली? ताडून पाहायला नाव नव्हते म्हणून. इथे माझ्या मुद्द्यावरच उलटणारा प्रश्न विचारता येईल: बेपत्ता असल्याची नोंदच कोणी केली नसेल तर वेळेची खिडकी उघडून उपयोग काय? उपयोग कमी, हे खरे. चाळणी कितीही बारीक असली तरी तिच्यात धान्य टाकायला हवे. पण वेळ नोंदलेली असेल तर निदान नंतर, केव्हाही, एखादे नाव पुढे आले की ते लगेच तपासता येते. तीन वर्षांनी मागे वळून पाहताना त्या वेळचे कोष, अळ्या आणि मातीचा नमुना बाटलीत असेल तरच तो प्रश्न विचारता येतो, नंतर गोळा करता येत नाही. एप्रिल-मेच्या कोकणात २९ दिवसांत माशीची एक पिढी पुरी होऊन उडून गेलेली असते. तिची रिकामी टरफले मातीत राहतात, आणि ती महिनोन्‌महिने टिकतात. देह जळालेला असला तर माश्या येत नाहीत हाही समज खरा नाही. हवाईमध्ये अविला आणि गॉफ यांनी जाळलेल्या डुकरांवर केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जळालेल्या देहावर माश्यांनी न जळालेल्या देहापेक्षा एक दिवस आधी अंडी घातली होती.

अळीकडून थेट ‘कोण’ याचे उत्तर मिळण्याचे प्रसंगही आहेत, थोडे पण खरे. खाणाऱ्या अळीच्या शरीरात पुढच्या बाजूला अन्न साठवण्याची एक पिशवी असते. पारदर्शक कातडीतून ती गडद डागासारखी दिसते. त्या पिशवीत गिळलेले मांस काही काळ बऱ्यापैकी शाबूत असते. २००१ मध्ये वेल्स, इंट्रोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अळ्यांच्या पोटातून माणसाचा मायटोकाँड्रियल डीएनए वाचता येतो हे दाखवले, आणि त्याच अळीच्या स्वतःच्या डीएनएवरून तिची जातही ठरवली. त्यानंतर मेक्सिकोत एक प्रकरण घडले. ते २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ फोरेन्सिक सायन्सेस’मध्ये प्रसिद्ध झाले. रानात ओळखण्यापलीकडे जळालेला एक देह सापडला. स्नायू आणि यकृताच्या नमुन्यांतून डीएनए मिळेना. जवळ सापडलेल्या पदवीदानाच्या अंगठीवरून सुमारे दहा आठवड्यांपूर्वी पळवून नेलेल्या एका तरुणीचा तो असावा असा संशय होता. संशोधकांनी देहावरच्या अळ्यांचे पोट उघडले, त्यातला मानवी डीएनए वेगळा केला, तो स्त्रीचा असल्याचे ठरवले आणि तिच्या वडिलांच्या डीएनएशी ताडून पाहिला. पितृत्वाची शक्यता ९९.६८५ टक्के आली. ओळख पटवण्यासाठी अळ्यांच्या पोटातल्या डीएनएचा प्रत्यक्ष तपासात झालेल्या वापराचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. मात्र इथेही अंगठीने आधी नाव सुचवले होते.

या तंत्राने भारावून जाण्याआधी त्याच्या अटी पाहायला हव्यात. अळी खायचे थांबून मातीकडे निघाली की पिशवी रिकामी होत जाते आणि काही दिवसांत डीएनए वाचण्याजोगा राहत नाही. कोषात तो मिळण्याची आशा फारच कमी. म्हणून देहावर असलेली, पोट भरलेली अळी तत्काळ मारून गोठवावी किंवा तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावी लागते. फॉर्मलीनमध्ये टाकली तर डीएनए बिघडतो, आणि शवविच्छेदन गृहात हाताशी बहुधा फॉर्मलीनच असते. दात किंवा हाड उपलब्ध असेल तर तेच घ्यावे, अळीच्या पोटात शिरण्याचे कारण नाही. पण एका प्रसंगात अळीला पर्याय नाही: देह उचलून नेलेला आहे आणि जागेवर फक्त अळ्या उरल्या आहेत. त्या अळ्या माणसावर पोसल्या की कोणाच्या मेलेल्या गुरावर, हे त्यांचे पोटच सांगेल. बचाव पक्षाचा वकील उलट बाजूनेही हाच प्रश्न विचारील, की देहावरच्या अळ्या शेजारच्या मेलेल्या कुत्र्यावरून सरपटत आलेल्या कशावरून नाहीत? त्यालाही उत्तर तेच.

कोकणाला विशेष लागू पडणारा आणखी एक धागा आहे. माणूस कोण हे कळत नसले तरी कुठून आला असावा याचा माग अळीतून निघू शकतो, कारण देहातली द्रव्ये अळीच्या अंगात उतरतात. फिनलंडमधले कीटकशास्त्रज्ञ पेक्का नुओर्तेवा यांनी १९७० च्या दशकात खून झालेल्या एका अनोळखी स्त्रीच्या देहावरच्या अळ्यांतला पारा मोजला. तो इतका कमी होता की ती पाऱ्याचे प्रदूषण नसलेल्या भागात राहणारी असावी असा तर्क करता आला. पुढे ती तुर्कू शहरातली विद्यार्थिनी निघाली. रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखणारे आणि मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जाणारे कितीतरी लोक नेपाळमधून आलेले असतात. त्यांचे घर शेकडो कोसांवर, बेपत्ता झाल्याची नोंद करणारे इथे कोणी नाही. अशा माणसाच्या बाबतीत पाऱ्याचा दाखला जसाच्या तसा चालणार नाही, पण देहाच्या रसायनावरून राहण्याच्या प्रदेशाचा अंदाज घेण्याची ही दिशा, हाडे आणि केसांच्या तपासणीला जोडून, वापरण्याजोगी आहे. विषाबाबत तर ती अधिक पक्की आहे. हवाईमध्ये गुणतिलके आणि गॉफ यांनी १९८९ मध्ये नोंदवलेल्या प्रकरणात मॅलॅथिऑन पिऊन मेलेल्या माणसावरच्या क्रायसोमियाच्या अळ्यांतच ते कीटकनाशक सापडले. या जाती आपल्याकडच्याच. रक्त आणि जठर शिल्लक नसताना विषप्रयोग ठरवण्याचा हा मार्ग आहे. मात्र त्याच प्रकरणाने इशाराही दिला, की कीटकनाशकामुळे माश्यांचे येणे लांबू शकते आणि नुसत्या अळ्यांच्या वयावरून काढलेला काळ खऱ्यापेक्षा कमी येतो. फवारणीच्या हंगामात बागेत सापडलेल्या देहाबाबत हे विसरून चालणार नाही.

उलट दिशेची चूकही होऊ शकते. अंथरुणाला खिळलेल्या, दुर्लक्षित माणसाच्या जखमेत माशी जिवंतपणीच अंडी घालते. तेव्हा अळीचे वय मृत्यूनंतरच्या काळापेक्षा जास्त निघते. प्लास्टिकमध्ये बांधलेला, बंद खोलीतला, पुरलेला देह माशीला उशिरा मिळतो. भरपूर अळ्या एकत्र वळवळत असल्या की त्यांच्या घोळक्यातले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी अंशांनी चढते आणि वाढ वेगाने होते. इतक्या शंका असताना न्यायालयाने हा पुरावा मानावा का? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, म्हणजे जुन्या कलम ४५ खाली, तज्ज्ञाचे मत हे मत म्हणूनच तोलले जाते. शिक्षा ठरवताना अळीच्या वयावर किती भार टाकायचा याबद्दल न्यायाधीशाने कठोर असावे असे मलाही वाटते. पण ओळखीचा शोध ही वेगळी पायरी आहे. तिथे उत्तर अंतिम नसते, त्यातून फक्त कोणाची विचारपूस आधी करायची हे ठरते. तीन-चार दिवसांची चूक खुनाच्या खटल्यात आरोपीचा जीव घेऊ शकते. बेपत्तांची यादी लहान करताना तीच चूक दोन्ही बाजूंना थोडी जास्त सूट ठेवून सामावून घेता येते. कीटकांच्या साक्षीवर टीका करणारे बहुतेक जण खटल्याचे निकष ओळखीच्या शोधाला लावतात.

मग प्रत्यक्षात काय करायचे? साधने अगदी साधी लागतात. देह हलवण्यापूर्वी वेगवेगळ्या जागांवरच्या अळ्या घ्याव्यात, त्यात सर्वांत मोठ्या हव्यातच. काही कढत पाण्यात बुडवून मग सुमारे ८० टक्के अल्कोहोलमध्ये, म्हणजे त्या आक्रसत नाहीत आणि लांबी मोजता येते. काही जिवंत, छिद्रे पाडलेल्या डब्यात मांसाच्या तुकड्यावर, कारण माशी बाहेर पडली की जात निश्चित करणे सोपे जाते. देहाखालची आणि भोवतालची माती उकरून कोष व टरफले. हवेचे, देहाच्या पृष्ठभागाचे आणि अळ्यांच्या घोळक्याचे तापमान. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ. अकस्मात मृत्यूचा तपास आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो आणि पंचनामा होतोच. त्यात ‘अळ्या पडलेल्या’ एवढे लिहून थांबण्याऐवजी कुठे, केवढ्या, किती प्रकारच्या, हे लिहायला दहा मिनिटे जास्त लागतील. नमुना जपण्याची शिस्त मात्र कीटकशास्त्राच्या पलीकडची आहे. वर सांगितलेल्या पेणच्याच प्रकरणातले अवशेष सापडत नाहीत असे २०२४ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले आणि मग ते सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात असल्याचे निघाले. हाडांची ही गत असेल तर अळ्यांच्या बाटलीची काळजी कोण घेणार, हा प्रश्न माझ्याही मनात आहे. त्यावर शास्त्राकडे उत्तर नाही, ते मुद्देमालाच्या खोलीत शोधावे लागेल.

देहाची विटंबना होते, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. अळ्या दिसणे नातेवाइकांना असह्य होते आणि देह स्वच्छ करून देणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे, पण धुण्याआधी नमुना घेण्याने त्यात काही उणे येत नाही. आणि अनोळखी देहाचे नातेवाईक तर अजून सापडायचेच असतात.

शेवटची अडचण सर्वांत खरी आहे: कोकणाची स्वतःची आकडेवारी हवी. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात मीनाक्षी भारती आणि देविंदर सिंग यांनी सशांच्या कुजत्या देहांवर कोणते कीटक कोणत्या क्रमाने येतात याचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पण पंजाबचा क्रम आणि दिवस लांज्याला लागू होतील असे गृहीत धरता येत नाही, हवाई किंवा मलेशियाचे तर त्याहून नाही. ही उणीव भरून काढण्याची जागा जिल्ह्यातच आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात १९७२ पासून तुडतुडे आणि फळमाशीचे जीवनचक्र तापमानासह मोजणारे कीटकशास्त्रज्ञ काम करत आले आहेत. मांसमाशीचे जीवनचक्र मोजायला वेगळी विद्या लागत नाही, जोडीला न्यायवैद्यक विभाग लागतो आणि तो डेरवणच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे. डुकरांचे किंवा शेळ्यांचे मृतदेह जाळीच्या पिंजऱ्यात सड्यावर, कलमांच्या बागेत आणि खाडीकाठच्या खारफुटीजवळ ठेवायचे, शेजारी तापमापी लावायची आणि वर्षभर नोंदी घ्यायच्या. तीन-चार विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रबंधांत हे बसेल. सुरुवात मात्र जूनमध्ये व्हावी. कोरड्या महिन्यांसाठी दुसरीकडचे आकडे थोडी दुरुस्ती करून निदान तात्पुरते वापरता येतील, पण आठवडाभर न थांबणाऱ्या पावसात माशी केव्हा बाहेर पडते आणि पहिले अंडे केव्हा घालते हे मोजायला इथल्या पावसातच उभे राहावे लागेल.